मुख्याध्यापकांनो, येते वर्ष जड जाणार आहे. जूनच्या आधीच ठरवूया

गोव्यातील हायस्कुलांच्या सर्व मुख्याध्यापक-मुख्याध्यापिकांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला. तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर आत्ता टाइमटेबलचे कच्चे कागद पसरलेले असतील. पाचवी कोणाला द्यायची, दहावीचे गणित कोणाला, गॅदरिंग कोणाच्या गळ्यात घालायचे, बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, देखरेख कोण करणार, अशी जुळवाजुळव चालली असेल. मुद्दाम याच वेळी लिहिते आहे, कारण शिक्षकांना वर्षभर धीर देण्याचे निम्मे काम याच कागदांवर होते किंवा बिघडते. जूनमध्ये बोलून उपयोग नसतो. तोवर टाइमटेबल स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटलेले असते आणि 'एकाचे बदलले तर सगळ्यांचेच बदलावे लागेल' हे उत्तरही तयार असते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवते. इतक्या वर्षांत निरनिराळ्या स्वभावाचे मुख्याध्यापक पाहिले. काही गोड बोलणारे होते, काही तुसडे. गमतीची गोष्ट अशी की आम्हाला खरा आधार ज्यांचा वाटला त्यांतल्या एक बाई चांगल्याच तुसड्या होत्या. त्यांच्याविषयी पुढे लिहितेच. आमचे आताचे सरही हे पत्र वाचतील. वाचू देत.

येते वर्ष नेहमीसारखे नाही, हे आधी मांडते. जनगणना आली आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मधली. विधानसभेची मागची निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ रोजी झाली होती, म्हणजे पुढची २०२७ च्या सुरुवातीलाच येणार. दहावीची परीक्षा एके काळी एप्रिलात असायची, ती मार्चवर आली. त्यातच २०२५ पासून सहावी ते दहावीचे नवे वर्ष एप्रिलात सुरू करायचे ठरले. त्या वर्षी ७ एप्रिलला वर्ग भरले तेव्हा जुन्या वर्गाचा निकाल आणि नव्या वर्गाची हजेरी यांच्यामध्ये आम्हाला पाठ टेकायलाही सवड मिळाली नव्हती. हे सगळे एकत्र धरून जानेवारी ते एप्रिल २०२७ चे कॅलेंडर एकदा समोर ठेवा. प्रिलिम, निवडणुकीचे प्रशिक्षण आणि ड्यूटी, शिरगणती, बोर्ड, पेपरतपासणी, निकाल, पुन्हा नवे वर्ष. मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी नोव्हेंबर २०२५ पासून झाली, तेव्हा बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणारे) म्हणून दारोदार फिरलेले आमचे सहकारी अजून त्यातून सावरलेले नाहीत.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना शिकवण्याखेरीज तीनच कामांना लावता येते: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. त्यांतली दोन यंदा एकदम आली. ती टाळता येणार नाहीत, टाळावीत असे मी म्हणतही नाही. पण 'अमुक कार्यक्रमाला पन्नास मुले आणि चार शिक्षक पाठवा' असा आदल्या दिवशी दुपारी फोन येतो, तो या तिन्हींत कुठे बसतो? एखाद्या उद्घाटनाला खुर्च्या भरायला आमचा नववीचा वर्ग का जावा? तिथे तुम्ही लेखी नकार देऊ शकता. मुख्याध्यापकाने असे एक पत्र पाठवले की स्टाफरूममध्ये ती बातमी शिपायाच्या आधी पोचते, आणि पुढे महिनाभर लोक आपणहून जास्तीचे काम करतात. हे मी पाहिले आहे.

ड्यूटीची नावे कळवायची वेळ येते तेव्हाही तेच. कागदावर यादी बाहेरून मागवली जाते, पण कोण जाऊ शकेल हे बऱ्याचदा तुम्हालाच विचारतात. मग दर वेळी तीच नावे जातात: जो तरुण आहे, जो अविवाहित आहे, जो तक्रार करत नाही. ही यादी जूनमध्ये सगळ्यांसमोर करा. दहावीला शिकवणारी व्यक्ती फेब्रुवारीत गेली तर तिचा वर्ग कोण घेणार, हेही त्याच दिवशी लिहून टाका. आयत्या वेळी ठरवले की भांडणे होतात आणि ती भांडणे शेवटी तुमच्याच ऑफिसात येतात.

आता एका वहीबद्दल. अ‍ॅडजस्टमेंटची वही प्रत्येक शाळेत असते, गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा ते तीत लिहितात. आमची लांबट, निळ्या पुठ्ठ्याची आहे. पहिली घंटा झाली की थोड्याच वेळात शिपाई ती घेऊन येतो, रकान्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'टीचर, चौथो पिरियड, आठवी ब.' आपण सही करतो. चौथ्या पिरियडला सहावीच्या निबंधांच्या वह्या तपासायच्या होत्या. त्या पिशवीत भरल्या जातात, घरी येतात आणि रात्री जेवणानंतर भांडी आवरून झाली की टेबलावर येतात. आठवी ब मध्ये तो चौथा पिरियड आपण 'शांत बसा' म्हणण्यात घालवलेला असतो. त्यात मुलांचे काही भले झालेले नसते आणि आपलेही नाही.

मोकळा पिरियड म्हणजे रिकामा शिक्षक, असे आपल्याकडे धरूनच चालतात. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत आणि ते तयारीचा वेळ धरून सांगितले आहेत. म्हणजे वह्या तपासणे, पाठ काढणे, प्रयोगाचे सामान मांडणे हे सगळे कायद्याच्या लेखीही काम आहे. आमच्या शाळा दीडच्या सुमाराला सुटतात, लगेच बालरथ निघतो, सत्तरी-धारबांदोड्याकडे जाणाऱ्यांना कदंब (सरकारी बस) पकडायची असते. शाळेच्या आवारात तयारीला वेळ मिळाला तर तो त्या मोकळ्या पिरियडातच मिळतो.

वर म्हटलेल्या त्या तुसड्या बाईंनी नियम घातला होता. एका दिवशी एका शिक्षकाला एकच अ‍ॅडजस्टमेंट द्यायची. दुसरी द्यायची पाळी आली तर ती त्या स्वतः घ्यायच्या. ऑफिसातला फोन वाजत राहायचा आणि बाई नववीत व्याकरण घेत असायच्या. वही उघडली की जागोजागी त्यांची हिरव्या शाईतली सही दिसायची. 'शाबास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नाही. पण त्या असताना आजारी मुलासाठी रजा मागताना कोणाला अपराध्यासारखे वाटले नाही. आणि उगीचच्या रजाही कमी झाल्या, कारण आपल्या जागी बाई स्वतः उभ्या राहणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. व्यवस्थापनशास्त्रात याला काहीतरी भारदस्त नाव असेलच.

पाचवीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण गोव्यातल्या हायस्कुलांचा सगळ्यात दुर्लक्षित भार तिथे आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात खेड्यापाड्यांत निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांतून आजही मुले चौथी पास होऊन आमच्याकडे येतात. काही कोकणी शाळांतून येतात. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात विज्ञान, गणित, भूगोल सगळे इंग्रजीत समोर येते. शेजारच्या बाकावर इंग्रजी प्राथमिकमधून आलेला मुलगा बसलेला असतो, तो हात वर करून थांबतच नाही. कुंडई-मडकईच्या औद्योगिक वसाहतींकडची मुले असली तर त्यांच्या घरी कन्नड किंवा हिंदी. विज्ञानाच्या टीचर फळ्यावर इंग्रजीत बाष्पीभवनाचे वाक्य लिहितात आणि एक मुलगी उठून विचारते, 'टीचर, हें म्हळ्यार उदकाची वाफ जाता, तेंच न्ही?' तिला सगळे कळलेले असते. पण युनिट टेस्टच्या कागदावर तिला दहापैकी दोन मिळतात आणि दिवाळीपर्यंत ती प्रश्न विचारणे सोडून देते.

हा वर्ग सांभाळणे दहावीपेक्षा अवघड आहे. दहावीत मुलगा कुठे आहे ते तुम्हाला माहीत असते, त्याला पुढे न्यायचे असते. पाचवीत एकाच खोलीत तीन-चार वेगवेगळे वर्ग बसलेले असतात. आणि आपण पाचवी कोणाला देतो? नव्याने लागलेल्याला, तासिका तत्त्वावर असलेल्याला. 'लहान वर्ग आहे, जमेल.' त्या तरुण शिक्षिकेला किंवा शिक्षकाला स्वतःच्या नोकरीचा भरवसा नसतो, पालक-शिक्षक संघाच्या सभेत कोण कोण येणार ते माहीत नसते, आणि चाळीस मुलांची शाळेबद्दलची पहिली समजूत तिच्या हाती सोपवलेली असते.

माझे म्हणणे असे की पाचवी तुमच्या सगळ्यात अनुभवी शिक्षकाला द्या आणि तो वर्ग म्हणजे मानाचा वर्ग आहे, असे स्टाफपुढे म्हणा. पहिले दोन महिने त्याच्याकडून पोर्शन किती झाला हे विचारू नका. मराठी किंवा कोकणीतून समजावून सांगितले म्हणून कोणी नाक मुरडले तर त्याला तुम्ही उत्तर द्या. शक्य झाल्यास आठवड्यातून एक तास दोन शिक्षक एका वर्गात ठेवा. आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांना मीटिंगला बोलवा, फोटोत घ्या, त्यांचे मत विचारा. आमच्याकडे एक तरुण सर वर्षभर शिकवून गेले आणि वार्षिक अंकातल्या स्टाफच्या यादीत त्यांचे नावच नव्हते. कोणी मुद्दाम गाळले नव्हते, कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

टीईटीचेही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचेही, आहेच. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची आहे. पंचेचाळिशीतल्या बाई आपल्या दहावीतल्या मुलीशेजारी बसून बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवताहेत, असे चित्र आता पुष्कळ घरांत आहे. (मुलगी आईचे मार्क काढते आणि तिला मजा येते, तो भाग वेगळा.) वरवर हसतात सगळे, पण आत भीती आहे, आणि नापास झालो तर मुलांना तोंड कसे दाखवू ही लाज त्याहून मोठी. तुम्ही यात न्यायालयाचे काही बदलू शकत नाही. पण ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांची नावे चारचौघांत उच्चारू नका, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यांना इतर कमिट्यांतून मोकळे करा, आणि गणिताच्या सरांना विचारून शाळा सुटल्यावर एखादा तास एकत्र अभ्यासाचा ठेवता आला तर ठेवा.

पालकांचा विषय नाजूक आहे, आणि गोव्यात जरा जास्तच. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. आज रागाने ऑफिसात आलेला पालक उद्या पंचायतीत पंच असतो, नाहीतर मॅनेजमेंटमधल्या कोणाचा तरी सोयरा निघतो. मी दोन तऱ्हा पाहिल्या. पहिलीत मुख्याध्यापक भर तासातून टीचरला बोलावून घेतात आणि पालकाच्या पुढ्यात उभी करून विचारतात, 'टीचर, काय ऐकतोय मी हे?' पालक खुर्चीवर, टीचर उभी. दाराच्या फटीतून दोन मुले बघत असतात. त्या टीचरने पुढे त्या वर्गात कशाला कोणाला काही बोलावे? दुसरीत मुख्याध्यापक पालकाला बसवतात, पाणी मागवतात, सगळे ऐकून घेतात आणि सांगतात, 'टीचरचा पिरियड चालू आहे. मी आधी तिच्याशी बोलतो, तुम्ही उद्या साडेनऊला या.' उद्यापर्यंत निम्मा राग ओसरलेला असतो. टीचर चुकलेली असेल तर तिला तसे स्पष्ट सांगतात, पण दार लावून. यात शिक्षकांना पाठीशी घालणे वगैरे काही नाही. पालकाचे म्हणणे पुरते ऐकले जाते आणि टीचरची वर्गातली जागाही शाबूत राहते.

चवथीबद्दल, म्हणजे गणेशचतुर्थीबद्दल, मी बाईमाणूस म्हणून लिहिते. चवथीच्या सुट्टीआधी युनिट टेस्ट उरकायची आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मार्कांची यादी द्यायची, अशी बऱ्याच शाळांची रीत आहे. कागदावर ती सोयीची दिसते. घरी मात्र गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची असते, नेवऱ्या करायच्या असतात, मूळ घरी सगळे कुटुंब जमलेले असते, आणि सून मास्तरीण असली म्हणून तिला कोणी सूट देत नाही. पेपरांचा गठ्ठा देवाच्या खोलीबाहेरच्या कपाटावर आणि आपण मध्यरात्री लाल पेन घेऊन बसलेलो. यादी आठ दिवस उशिरा मागितली तर काय बिघडेल? युनिट टेस्ट आहे, बोर्ड नाही. क्रिस्ती सहकाऱ्यांचे नाताळात तेच होते, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब लावा.

रात्री साडेदहाला स्टाफच्या ग्रुपवर 'अर्जंट, उद्या ९ पर्यंत' असे येते, त्याबद्दल एकच विनंती. वरून खरेच रात्री आले असेल तर तसे लिहा. दुपारी आलेले रात्री पुढे ढकलले असेल तर आम्हाला ते कळते, वरच्या पत्रावर तारीख असते.

पाठ बघायला तुम्ही वर्गात येता, त्यात बदल व्हावा असे फार वाटते. बऱ्याच ठिकाणी पाठनिरीक्षण म्हणजे फॉर्म भरणे. मागच्या बाकावर बसायचे, रकान्यांवर टिक करायची, शेवटी 'समाधानकारक' लिहायचे आणि शिक्षकाची सही घ्यायची. एकदा आमच्या त्या तुसड्या बाई माझ्या तासाला येऊन बसल्या. मी शिवकालीन किल्ल्यांवर बोलत होते आणि स्वतःवर जाम खूश होते. तास संपल्यावर व्हरांड्यात एवढेच म्हणाल्या, 'खिडकीकडच्या शेवटच्या मुलीने दोनदा हात वर केला होता. तुमची पाठ फळ्याकडे होती. नकाशा आधीच लावून ठेवला असता तर दिसली असती.' बाकी काही नाही. मला ती शाबासकीच वाटली, कारण कोणीतरी माझा तास खरोखर पाहिला होता. त्यानंतर मी नकाशा तासाआधी लावते. 'छान, चालू ठेवा' अशा शेऱ्यांनी माझी फाइल भरलेली आहे, त्यांतला एकही मला आठवत नाही. म्हणून विनंती की वर्षातून एकदा पूर्ण तास बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा दहा मिनिटे या, फॉर्म न घेता. एक गोष्ट बघा आणि तेवढीच सांगा. आम्ही घाबरू, पहिल्या दोन वेळा. मग सवय होईल. आणि दुसऱ्याचा चांगला पाठ पाहिलात तर मला सांगा, मीही जाऊन बसते.

५ सप्टेंबरला गुलाब देता, ते छान वाटते. द्या.

तुमची बाजू माहीत नाही असे समजू नका. वरून परिपत्रके, खालून आम्ही, बाजूने मॅनेजमेंट आणि समोर पालक. क्लार्कची जागा रिकामी असेल तर यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती तुम्हीच भरत बसता. बी.एड. करताना मुलांना कसे शिकवावे ते सांगतात, पंचवीस-तीस मोठ्या माणसांना कसे सांभाळावे ते कोणीच सांगत नाही, आणि सेवाज्येष्ठतेने एक दिवस तुम्ही त्या खुर्चीत असता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे आणि मुख्याध्यापकांसाठीही. पर्वरीला होणाऱ्या सरकारी प्रशिक्षणांत तुमच्या वाट्याला जे तास येतात त्यांत पोर्टल कसे भरावे याऐवजी माणसांशी कसे बोलावे, हा विषय तुम्हीच मागून घ्या. सगळ्या मुख्याध्यापकांनी मिळून मागितला तर मिळेल. आणि व्यवस्थापनातले कोणी हे वाचत असतील तर त्यांना एवढेच: निकालाचा टक्का विचारायला तुम्ही वर्षातून एकदा येता, एकदा ऑक्टोबरातही या आणि मुख्याध्यापकांना काय हवे ते विचारा.

जूनमधल्या पहिल्या स्टाफ मीटिंगच्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय घालावेत, ही माझी मागणी आहे: अ‍ॅडजस्टमेंटचा लेखी नियम, पाचवी कोणाकडे आणि का, आणि जानेवारी ते एप्रिल २०२७ ची ड्यूटीची यादी बदली नावांसह. स्वागताचे भाषण त्यासाठी थोडे आखडते घ्यावे लागेल. मीटिंग लांबली तर चहा-भज्यांची वर्गणी आम्ही काढू, फक्त ती दीडच्या आत संपवा, कारण दोनच्या कदंबनंतर सावर्डे-धारबांदोड्याकडच्या लोकांना बराच वेळ गाडी नसते.

आपली,
एक हायस्कूल शिक्षिका
फोंडा तालुका, गोवा